सासूबाईंची दाढी

२५ जानेवारी, शनिवार. दुपारी मी मोरीत बसून दाढ्या धुवत होते. गुलमंडीच्या भाड्याच्या दुकानातून आणलेल्या दाढ्या. सगळ्यांना जुन्या डिंकाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. आधी कुणी कुठल्या नाटकात लावल्या होत्या देव जाणे. अर्ध्या बादलीत शाम्पू घालून एकेक बुचकळायची, बोटांनी विंचरायची आणि चिमटा लावून दोरीवर टाकायची. अर्ध्याच बादलीत, कारण नळाला पाणी येऊन आठवडा होत आला होता. धुतलेलं पाणी मी संडासासाठी बाजूला ठेवलं.

नवरा हात धुवायला आला आणि दारातच थांबला.

"हे काय?"

"दाढ्या."

"कुणाच्या?"

"ती लांब पांढरी तुमच्या आईची आहे."

तो हात न धुताच परत गेला. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात जास्त प्रश्न विचारायचे नाहीत, एवढं त्याला कळलं होतं.

आमच्या कॉलनीत दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा आणि संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम असतो. बायकांचा एक नाच ठरलेला. एकसारख्या साड्या, एकसारखे गजरे, आणि शेवटी सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला. यंदा तळमजल्यावरच्या सरांनी नाचाला विरोध केला. सर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, तुम्ही सगळ्या शिकलेल्या बायका, काहीतरी वेगळं करा. मग त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक विनोदी नाटकातला प्रवेश काढला आणि स्वतःच मराठीत उतरवून आणला.

प्रवेश तसा सोपा होता. अथेन्समध्ये सभेत फक्त पुरुष बसतात, तेच निर्णय घेतात आणि गावाची वाट लावतात. तेव्हा बायका ठरवतात की पहाटे नवऱ्यांचे कपडे, चपला, काठ्या उचलायच्या, दाढ्या लावायच्या, पुरुष म्हणून सभेत घुसायचं आणि कारभार बायकांकडे द्यावा असा ठराव पास करून घ्यायचा. आमचा प्रवेश त्याच्या आधीचा. बायका अंधारात जमतात आणि पुरुषासारखं चालायची, बोलायची तालीम करतात. एखादी बोलता बोलता पदर सावरायला जाते. एखादी सभेत वेळ जायला म्हणून हातात काम घेऊन येते. मूळ नाटकात ती लोकर आणते म्हणे. सरांनी तिथे मेथीची जुडी घातली. आमच्यापैकी एक रोज तालमीला खरी जुडी आणायची आणि खरी निवडायची. निवडलेली मेथी कुणी घरी नेत नसे. त्यामुळे ती आमच्या स्वयंपाकघरात यायची. पंधरा दिवसांत आम्ही मेथीचं जे जे म्हणून होतं ते सगळं खाल्लं.

म्हणजे आम्ही तालमीची तालीम करत होतो. मला त्या वेळी हे विनोदी वाटलं नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. सहा वाजता घरी येते. सातला पार्किंगमध्ये तालीम. तिथे आधी सर अर्धा तास ग्रीक रंगभूमीवर बोलणार. मग कळणार की पहिल्या मजल्यावरची, बँकेतली शेजारीण, जी नाटकातल्या बायकांच्या पुढारणीचं मुख्य काम करत होती, ती अजून भाजी चिरतेय. ती येईपर्यंत दुसऱ्या दोघी निघून जाणार, कारण मुलांना क्लासवरून आणायचंय. शेवटी माझ्यासकट सात बायका एका वेळी एका जागी उभ्या करणं हे माझं काम झालं, कारण कारखान्यात मी तेच करते, फक्त तिथे नटबोल्ट असतात आणि ते एका जागी राहतात.

त्यात आमच्यापैकी एकीच्या नवऱ्याची जळगावला बदली झाली आणि एक दाढी रिकामी राहिली.

सासूबाई रोज तालमीला खुर्ची टाकून बसायच्या. वय बहात्तर. उंच, हाडापेराच्या, आणि आवाज असा की फुलंब्रीच्या बसला इथून थांबवतील. सगळ्यांची सगळी वाक्यं त्यांना पाठ झाली होती. कुणी अडखळलं की त्या खुर्चीतूनच पुढचं सांगायच्या. त्या दिवशी मी पुन्हा माणूस शोधत फिरायच्या मनःस्थितीत नव्हते. मी म्हटलं, "आई, तुम्हीच उभ्या राहता का?"

त्या लगेच उठल्या. पदर खोचला. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

सर म्हणाले, "आजी, जमेल ना?"

"तुमच्याहून पाचसहा वर्सांनी मोठी असंल मी. आजी काय म्हंता?"

सरांनी त्यानंतर त्यांना काहीच म्हटलं नाही. नुसतं "आपण" म्हणायचे.

अडचण पुढे आली. सरांनी प्रवेशात एक भर घातली होती, जी मुळात नाही. सभेच्या दारात पहारेकरी आडवी काठी धरणार आणि नाव विचारणार, म्हणून त्याचीही तालीम. पुढारीण काठी आडवी धरते, एकेक जण येते आणि स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगते. खरं नाव. समोर बसलेल्या नवऱ्यांची नावं ऐकून लोक हसतील, असा सरांचा हिशोब. माझ्याखेरीज बाकीच्या जणी नवऱ्याला घरात नावानंच हाक मारतात, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. त्यांनी धडाधड नावं सांगितली. सासूबाईंची पाळी आली. शेजारणीनं काठी आडवी धरली आणि आवाज चढवला, "कोण रे तू? नाव सांग!"

सासूबाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग मान खाली घालून, एका दमात, चालीवर म्हणाल्या,

"तुरीच्या रानात हरणांचा जोडा, अमुकरावांचं नाव घेते, वाट माझी सोडा."

पार्किंगमध्ये असं हसू फुटलं की वरच्या मजल्यांवरून लोक डोकावले. मेथीवालीच्या हातून जुडी पडली. शेजारीण काठीला धरून खाली बसली.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दार अडवलं की तेच येतं तोंडात. काय करू?"

खरंच होतं. नवी नवरी दारात येते, नणंद दार अडवते, नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांत सासूबाईंनी नवऱ्याचं नाव जेव्हा केव्हा घेतलं, ते असं, कुणीतरी अडवल्यावर, आणि उखाण्यातच. एरवी "अहो", "ह्याचे वडील", "आमच्याकडचे". कुणी बाहेरचं असेल तर "घरमालक". मी स्वतः नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, पण नाव सांगायला मला काही वाटत नाही. सासूबाईंचं तसं नाही. तिथे काहीतरी दारच आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. काठी आडवी आली की हरणांचा जोडा आलाच. एकदा त्यांनी खूप जोर लावून उखाणा गिळला, तर काहीच बाहेर आलं नाही. नुसता घसा खाकरला आणि बाजूला झाल्या.

चौथ्या दिवशी सर माझ्याकडे आले. चेहरा उजळलेला. "मॅडम, आपण उखाणा ठेवू या! यापेक्षा चांगलं मला सुचलंच नसतं. दाढीवाला पुरुष उखाणा घेतो! मूळ नाटकातही बायका अशाच चुकतात आणि पकडल्या जातात. हे तर अस्सल आहे!"

मलाही पटलं. हशा हमखास, आणि माझी कटकट संपली. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या.

"म्हंजे मी चुकायचं?"

"चुकायचं नाही, चुकल्यासारखं करायचं. लोक हसतील."

"लोक हसतील म्हनूनच नाय करायचं."

"आई, विनोदी नाटक आहे. हसायलाच येणार आहेत लोक."

"मग त्या मेथीवालीला हसू द्या. मला नीट बोलायचंय. गड्यासारखं."

मी वैतागले. म्हटलं, "नीट बोलायचंय तर बोला ना मग! रोज तेच का येतं?"

त्यांनी कणकेचा गोळा परातीत आपटला आणि मळता मळता सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. माझं लग्न व्हायच्या आधीचं. सासरे शेतात पडले होते, पायाचं हाड मोडलं होतं. त्यांना वैजापुराहून इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. बरोबर दुसरं कुणी नव्हतं. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, पेशंटचं नाव? सासूबाई गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. मागे रांग. सासूबाई म्हणाल्या, आमचे मालक. तो म्हणाला, नाव माहीत नाही का बाई मालकाचं? रांगेतले सगळे हसले. तिथे काही उखाणा घेता येत नाही. त्यांनी पोराचं नाव सांगितलं, ह्याचे वडील म्हणून. तो म्हणाला, बाजूला व्हा, कुणीतरी शहाणं माणूस घेऊन या.

"मग?"

"मग काय. मागच्या एका मानसाला सांगितलं, ह्यांना जाऊन इचार. तो गेला, ह्यांनी खाटंवरून सांगितलं, त्यानं येऊन खिडकीवर सांगितलं. तवर ते कळवळतच व्हते." गोळ्याला आणखी एक तडाखा. "लई वर्सं झाली. पर पुन्हा तशी हसायला नाय उभी राहायची मी. बोलीन तर नीट. न्हाईतर मला काढा आन् नाच ठेवा."

आता मी काय करणार? सरांना उखाणा हवा. सासूबाईंना उखाणा नको, पण त्यांना दुसरं येत नाही. सरांचं म्हणणं, शनिवारच्या शेवटच्या तालमीपर्यंत सरळ नाव जमलं नाही तर उखाणा ठेवायचा, आणि तो मान्य नसेल तर आपण मागे गर्दीत न बोलता उभ्या राहाल. सासूबाईंनी मान हलवली. मुकी दाढी व्हायचं त्यांनी स्वीकारलं असेल असं मला वाटलं नाही.

सासऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आबा ऐंशीचे, कानानं जड. ऐकायचं मशीन आहे, पण ते शर्टाच्या खिशात असतं. बॅटरी वाचते म्हणतात. बायको आपल्यासारखा वेश करणार एवढंच त्यांना कळलेलं, आणि त्याचं त्यांना बरं वाटत होतं. सुरुवातीला त्यांनी जुनं, पिवळं पडलेलं धोतर काढून दिलं. मग दोन दिवसांनी स्वतःच पेटीतून चांगलं धोतर काढलं आणि म्हणाले, "जुनं नेसून लोकात जाऊ नको. माझी अब्रू जाईल." धोतर नेसवायला आमच्यात कुणालाच येत नव्हतं. सरांनाही नाही, ते पँटवाले. शेवटी आबांनीच सासूबाईंना समोर उभं करून, लेगिंगवरून, निऱ्या कशा काढायच्या, काष्टा कुठं खोचायचा ते दाखवलं. मी मदतीला उभी होते. दोघंही एकमेकांवर खेकसत होती.

"हलू नको."

"तुमी वढू नका मंग."

"पोट आत घे."

"तुमी काय कमी हाय का पोटात?"

आता दाढ्यांकडे परत येते. त्या शनिवारी दाढ्या वाळत टाकून मी आत आले तर सासूबाई आरशासमोर उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला आणखी सहन होईना. शेवटच्या तालमीला तीन तास राहिले होते.

मी म्हटलं, "आई, आबा कचेरीत काय काम करायचे?"

आबा वैजापूरच्या तहसीलला शिपाई होते. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं.

"पुकारा करायचे."

"कसा?"

"कसा म्हंजे? साहेबापुढं केस असली की व्हरांड्यात येऊन पुकारायचे. अमका वल्द तमका, राहणार अमकं, तालुका वैजापूर, हाजिर हो... असं."

"तुम्ही ऐकलाय?"

"लई येळा. डबा घेऊन जायचे ना मी. कधी कधी घरीबी म्हनायचे झोपंत."

"मग तुम्ही नवऱ्याचं नाव घेऊ नका. पुकारा करा. पुकाऱ्यात नवरा नसतो, केस असते."

 त्यांनी पदर नीट केला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळच्या तालमीला काठी आडवी आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इथं नाय करत. उद्याच करीन." आणि पुढे सरकल्या. सर कपाळाला हात लावून बसले. मला म्हणाले, "मॅडम, जबाबदारी तुमची." पंधरा दिवस ती कुणाची होती असं त्यांना वाटत होतं, मी विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी क्लबहाउसच्या पुढच्या मोकळ्या जागेत मांडव होता. खुर्च्या भरल्या होत्या. आधी मुलांची भाषणं झाली, मग एक लांब सत्कार, मग आणखी एक. आम्ही मागे कापडाच्या आडोशाला दाढ्या लावून उभ्या. डिंक गालावर ओढत होता, खाजवता येत नव्हतं. शेजारीण म्हणाली, "वहिनी, पुरुषांना रोज हे कसं सहन होतं?" मी म्हटलं, "त्यांच्या आतून येते, चिकटवावी लागत नाही." माझ्या मिशीचा एक कोपरा सुटत होता. मी अंगठ्यानं दाबून धरला.

सासूबाई धोतर, नेहरू शर्ट, पांढरी टोपी आणि छातीपर्यंत दाढी अशा उभ्या होत्या. खरं सांगायचं तर आबांपेक्षा भारदस्त.  मी फटीतून पाहिलं. आबा पहिल्या रांगेत, नवा कोट घालून, आणि चक्क मशीन कानात.

प्रवेश सुरू झाला. सुरुवात ठीक झाली. मेथीवालीनं मेथी काढली तेव्हा चांगला हशा आला, आणि मला पहिल्यांदाच ती मेथी वसूल झाल्यासारखी वाटली. मी रुबाबात चालण्याच्या नादात नवऱ्याच्या बुटात अडखळले, तेही लोकांना मुद्दाम केलं असं वाटलं. मग शेजारणीनं काठी आडवी धरली. एकेक जण नाव सांगून पुढे. प्रत्येक नावाला नवऱ्यांच्या रांगेतून ओरडा. एकानं तर शिट्टी मारली.

सासूबाईंची पाळी.

"कोण रे तू? नाव सांग!"

त्या काठीपुढे थांबल्या. मला त्यांची पाठ दिसत होती. टोपीखालून पांढरी वेणी बाहेर आली होती, ती मीच खोचायची राहिली होती. एवढा वेळ गेला की शेजारणीचे डोळे मोठे झाले. मागच्या कोपऱ्यातून सर पुटपुटत होते, "उखाणा, उखाणा..."

सासूबाईंनी छाती भरून श्वास घेतला, तोंड वर केलं आणि पुकारलं. लांबलचक, सूर धरून, व्हरांड्यातून पिंपळाखालच्या माणसांपर्यंत जावा तसा. नाव. वल्द, वडिलांचं नाव. आडनाव. राहणार, गावाचं नाव. तालुका वैजापूर. आणि शेवटी, "हाजिर हो...!"

नाव इथे लिहीत नाही. मलाही त्याच घरात राहायचंय.

मांडव एकदम शांत झाला. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेत आबा ताडकन उभे राहिले. कोटाचं बटण लावलं, टोपी सरळ केली आणि मोठ्यानं म्हणाले, "हाजिर!"

आणि स्टेजच्या पायऱ्यांकडे चालायला लागले.

मग जो गोंधळ झाला तो मला थांबवता आला नाही आणि मी प्रयत्नही केला नाही. लोक उभे राहून हसत होते. माझा नवरा वडिलांचा कोट धरून त्यांना मागे ओढत होता आणि आबा हात सोडवत होते, "सोड, पुकारा झालाय माझा." सासूबाई स्टेजच्या काठावर आल्या, हातातली काठी आबांकडे रोखली आणि दाढीतून गरजल्या,

"खाली बसा! तुमी न्हाय! मी हाय!"

आबा थांबले. वर बघितलं. बायको, त्यांचं धोतर, त्यांची टोपी, छातीपर्यंत दाढी. "बरं," म्हणाले, आणि जाऊन बसले.

त्यानंतर शेजारणीला पुढचं वाक्य आठवेना. मेथीवाली हसून हसून पाठमोरी झाली. मी तिसऱ्यांदा पुढचं वाक्य कुजबुजले तेव्हा माझी मिशी खाली पडली. कॉलनीच्या सेक्रेटरींनी तेवढ्यात माइक घेतला आणि वेळ झाल्यामुळे बक्षीस समारंभाला सुरुवात करू या, असं सांगितलं. बायकांना कारभार द्यायच्या ठरावाची तालीम राहूनच गेली. ठरावाचं सरांनी लिहिलेलं लांब भाषण शेजारणीनं तोंडपाठ केलं होतं. ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

सर मागे आले.  "मॅडम, अडीच हजार वर्षं टिकलेला प्रवेश तुमच्या घरातल्या दोन माणसांनी एका मिनिटात संपवला." मी म्हटलं, "सर, लोक हसले की नाही?" ते म्हणाले, "चुकीच्या जागी हसले." मी त्यांच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि मोजून बांधल्या. उद्या ज्याच्या त्याला परत करायच्या होत्या.

सासूबाई खुर्चीवर बसून दाढी सोलत होत्या. मी पाण्यानं कडा ओली करून दिली, नाहीतर कातडं निघालं असतं.

"मागपर्यंत ऐकू गेलं का?"

"गेलं."

"सगळं? तालुक्यापर्यंत?"

"तालुक्यापर्यंत."

"कोण हसलं?"

"सगळे. पण आबांना हसले. तुम्ही बोललात तेव्हा कुणी नाही."

त्यांनी विचार केला. "मंग ठीक," म्हणाल्या, आणि दाढी नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

 घरी आबा झोपायच्या आधी कानातलं मशीन काढून डबीत ठेवताना मला म्हणाले, "तिला माझं नाव ठावं हाय म्हंजे. मला वाटलं, इसरली असंल."

सोमवारी सकाळी आबांच्या मोतीबिंदूची तारीख होती. ती आधीच घेतलेली. कार्यक्रमासाठी कुणी पुढे ढकलली नसती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. रिक्षात मांडीवर दाढ्यांची पिशवी, कारण दवाखाना झाला की गुलमंडीला जाऊन त्या परत करायच्या होत्या. एका बाजूला आबा, एका बाजूला सासूबाई.  सासूबाईंच्या गालावर डिंकानं उठलेलं पुरळ होतं, त्यावर खोबरेल.

दवाखान्यात खिडकीवर एक मुलगी बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी तोंड उघडलं. पण सासूबाई माझ्या खांद्यावरून पुढे झुकल्या होत्या. त्यांनी नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनाव, गाव, तालुका. हाजिर हो तेवढं सोडलं.

मुलगी दचकली. "आजी, हळू. ऐकू येतं मला."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "लिहून घे. वैजापूरचा पू दीर्घ."

आम्ही बाकावर जाऊन बसलो. आबा मशीन घरीच विसरले होते. सासूबाई समोरच्या भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत होत्या, वरच्या मोठ्या अक्षरापासून. बऱ्याच वेळानं आतून कंपाउंडर आला आणि त्यानं नाव पुकारलं. पुकाऱ्यात काही दम नव्हता, पण कसं कोण जाणे, आबांनी ऐकलं. ते उठले नाहीत. वळून सासूबाईंकडे बघितलं.

"तू जातीस का मी जाऊ?"

"मोतीबिंदू तुमच्या डोळ्यात हाय," सासूबाई म्हणाल्या. "उठा."

मी पिशवी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली, फाईल काखेत मारली आणि आबांना दंडाला धरून आत घेऊन गेले.